घरात ठेवून घेतलेल्या मुलाला ‘आता जागा बघ’ कसे सांगावे?

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे राहत्या जागेविषयीची आहेत. पहिल्या पत्रातील अडचण पुण्यातील अनेक घरांत थोड्याफार फरकाने आढळते, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी 66 वर्षांची सेवानिवृत्त शिक्षिका असून कर्वेनगर येथे स्वतःच्या दोन बेडरूमच्या सदनिकेत एकटी राहते. यजमान काही वर्षांपूर्वी गेले आणि मुलगी नाशिकला असते. घरात सोबत होईल आणि हाताशी चार पैसेही राहतील, या विचाराने गेल्या वर्षीच्या जून महिन्यात यजमानांच्या एका सहकाऱ्यांच्या ओळखीतून आलेल्या, सोलापूर जिल्ह्यातील 27 वर्षांच्या मुलाला मी पेइंग गेस्ट म्हणून ठेवून घेतले. तो राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करतो. खोली, सकाळचा चहा आणि दोन वेळचे जेवण मिळून महिना 8,500 रुपये आणि डिपॉझिट 15,000 रुपये असे तोंडी ठरले. मुलगा ओळखीतला असल्यामुळे कागद केला नाही.

पहिले काही महिने चांगले गेले. आता मात्र चार महिन्यांचे पैसे थकले आहेत. रात्री अकरानंतर त्याचे मित्र येतात, मध्यरात्री स्वयंपाकघरात दूध तापवतात, आणि सकाळी मला ओट्यावर तळाला करपलेले पातेले पाण्यात बुडवून ठेवलेले दिसते. गीझर तासन्‌तास चालू राहतो. ‘काम झाल्यावर बंद करावा’ असा कागद मी बटणाशेजारी चिकटवला, तर त्याने त्याखाली पेनाने ‘वाचले’ असे लिहून ठेवले. बोलायला गेले की ‘काकू, काकू’ करत आवाज चढवतो. मागच्या आठवड्यात त्याने दार इतक्या जोरात आपटले की शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून बाहेर आल्या. मी त्याला आडवळणाने सुचवून पाहिले, ‘मुलगी येणार आहे, खोली लागेल’ असेही म्हटले. ‘परीक्षा झाली की बघतो’ हे त्याचे ठरलेले उत्तर. माझे दीर म्हणतात, तो गावी गेला की कुलूप बदलून टाका. शेजारचे म्हणतात, बारा महिने उलटून गेल्यामुळे आता त्याचा घरावर हक्क लागला. मला रात्री झोप लागत नाही. मी काय करावे?

उत्तर : शेजाऱ्यांनी घातलेली भीती आधी मनातून काढून टाका, कारण ती असेपर्यंत तुम्ही त्या मुलाशी सरळ बोलू शकणार नाही. बारा महिने राहिल्यामुळे कोणाचाही कोणाच्या घरावर हक्क लागत नाही. मुदतीच्या कायद्यात बारा हा आकडा आहे, पण तो बारा वर्षांचा आहे. आणि तोही मालकाच्या हक्काला झुगारून, उघडपणे ताबा ठेवणाऱ्याच्या बाबतीत विचारात घेतला जातो. जो माणूस मालकाच्या परवानगीने राहतो, त्याची किती वर्षे भरली याला या बाबतीत काही अर्थ नसतो.

तरीही ही भीती पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात इतकी खोल का रुजली आहे, याला कारण आहे. 1947 च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता मालकाच्या परवानगीने, राहत असलेल्या लोकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी ओळखीखातर खोली दिली होती, अशा कित्येक मालकांना ती खोली पुढे परत मिळाली नाही, आणि ‘घर दिले की गेले’ ही समजूत तेव्हापासून घराघरांत मुरली. मात्र तो कायदा आता लागू नाही. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे, आणि त्यात 1973 सारखी सरसकट तरतूद नाही.

या कायद्याने पेइंग गेस्टची वेगळी व्याख्या केली आहे. मालक ज्या घरात स्वतः राहतो, त्याच घराचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला शुल्क घेऊन वापरायला दिला, तर ती व्यक्ती पेइंग गेस्ट ठरते. तुम्ही त्याच सदनिकेत राहता, तो एका खोलीत झोपतो, तुमच्या हातचे जेवतो आणि तुमच्याच दारातून ये-जा करतो, तेव्हा तुमचे उदाहरण या व्याख्येत बसते. तो भाडेकरू नाही. तुमच्या परवानगीने राहणारा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 प्रमाणे अशी परवानगी देणाऱ्याला ती सर्वसाधारणपणे परत घेता येते. तशी ती घेतल्यावर राहणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मात्र द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत एक महिना पुरेसा वाजवी आहे, असे माझे मत आहे.

आता तुमची कमकुवत बाजू. तुम्ही कागद केला नाही. घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, असे 1999 च्या कायद्याचे कलम 55 सांगते. असा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उद्या त्या मुलाला कोणी शिकवले आणि त्याने ‘मी भाडेकरू आहे’ असे म्हटले, तर तो तसा नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येईल. म्हणून त्याच्याशी बोलण्याआधीच पुरावा गोळा करा. त्याने मोबाइलवरून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, ‘काकू, आज जेवायला नाही’ असे त्याचे संदेश, सहकाऱ्यांशी झालेला सुरुवातीचा पत्रव्यवहार किंवा संदेश, आणि डिपॉझिट दिल्याचा उल्लेख हे सर्व एका जागी जपून ठेवा. ‘आज जेवायला नाही’ ही एक ओळ वाटते त्यापेक्षा मोलाची आहे; स्वतंत्र भाडेकरू घरमालकिणीला जेवणाचे कळवत बसत नाही.

पोलिसांना त्याची माहिती दिली नसेल तर उशिरा का होईना, ती आता द्या. घरात राहायला ठेवलेल्या व्यक्तीची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश पुण्यात वेळोवेळी निघतात. ती देण्यात तुमची तक्रार नसते, केवळ नोंद असते. पण तो तुमच्याकडे कोणत्या नात्याने राहतो, हे त्या नोंदीत तुमच्या शब्दांत लिहिलेले राहते.

दिरांचा सल्ला आपुलकीचा असला तरी तो मुळीच मानू नका. तो मुलगा गावी गेला असताना कुलूप बदलले किंवा सामान जिन्यात काढून ठेवले, तर आजवर जो थकबाकीदार आहे तो एका दिवसात तक्रारदार होईल. ज्याचा ताबा कायदेशीर मार्गाशिवाय काढून घेतला गेला, त्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे हे पाहिलेच जात नाही. वीज आणि पाणी तोडण्याबाबतही तेच. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा बंद करणे हा 1999 च्या कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. तो भाडेकरू नाही हे खरे, पण ‘मी भाडेकरू आहे’ असे म्हणण्याची संधी त्याला आपल्या हाताने कशासाठी द्यायची? गीझरच्या खटक्यावरून चाललेले तुमचे भांडण याच कारणासाठी आजपासून थांबवा.

जेवणाची गोष्ट वेगळी आहे. जेवण ही पैशांच्या बदल्यात दिलेली सोय आहे आणि चार महिने पैसे आले नसताना ती चालू ठेवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. तरी माझे मत असे की, हा शेवटचा महिना त्याला दोन पोळ्या घालाव्यात. उपाशी ठेवल्याची तक्रार त्याच्या घरी आणि तुमच्या सोसायटीत पसरली की मूळ मुद्दा बाजूला पडतो. रात्री अकरानंतर स्वयंपाकघर बंद राहील आणि बाहेरचे कोणी घरात येणार नाही, हे मात्र त्याला लगेच सांगा. घर तुमचे आहे आणि तुम्ही त्यात राहता, तेव्हा हे ठरवण्याचा अधिकार तुमचाच आहे.

आता बोलण्याविषयी, कारण तुमची खरी अडचण कायद्यापेक्षा इथे अधिक आहे. तुमचे पत्र वाचताना जाणवले की इतक्या महिन्यांत तुम्ही त्याला पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण ‘तू जा’ हे एकदाही सांगितले नाही. करपलेले पातेले, गीझर, मित्र, दार, या प्रत्येक तक्रारीतून त्याला एवढेच कळले की वागणूक थोडी सुधारली, किंवा सुधारतो असे म्हटले, की मुक्काम पुढे चालू राहील. ‘मुलगी येणार आहे’ हे कारणही तसेच अंगलट येणारे आहे. तो म्हणेल, ताई येतील तेव्हा मी चार दिवस मित्राकडे जातो. आणि मुलगी आली नाही तर तुमचा शब्दच खोटा पडेल. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते अशा वेळी तंतोतंत लागू पडते.

म्हणून आता तक्रारी सांगू नका, निर्णय सांगा. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, दोघांचीही डोकी शांत असताना त्याला बाहेरच्या खोलीत बोलवा. रात्री मित्र घरात असताना किंवा तो अभ्यासिकेतून दमून परतलेला असताना हा विषय काढू नका. जवळ एखादी तिसरी व्यक्ती असू द्या: शेजारच्या वहिनी किंवा सोसायटीचे सचिव चालतील, मात्र त्यांनी मध्ये बोलू नये, हे त्यांना आधी बजावून ठेवा. दीर नकोत, ते गप्प बसतील असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्याला साधारण असे सांगा : ‘तुझी येथे राहण्याची व्यवस्था मी या महिनाअखेरीस थांबवते आहे. एक महिना आहे, तेवढ्यात दुसरी जागा बघ. पैशांचा हिशेब आपण जाताना करू. हे मी लिहूनही देते आहे.’ आणि मग थांबा. तो ‘का?’ असे विचारेल. ‘मला आता घरात कोणी ठेवायचे नाही’ एवढे उत्तर पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे. ‘काकू, मी सुधारतो’ असे म्हणेल, तेव्हा ‘ते चांगलेच आहे, पण तारीख तीच आहे’ असे म्हणा. तो आवाज चढवू लागला तर उठून आपल्या खोलीत जा. त्याच आवाजात उत्तर देऊन तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

परीक्षेचे कारण तो नक्की पुढे करील. परीक्षेच्या मुलांविषयी माझ्या मनात सहानुभूती आहे, पण ‘परीक्षा झाल्यावर’ ही तारीख नव्हे. पूर्वपरीक्षा झाली की मुख्य परीक्षा असते, मुख्य झाली की मुलाखत असते, आणि त्यात वेळापत्रकही पुढे ढकलले जाते. त्याची परीक्षा खरोखरच येत्या महिन्याभरात असेल, प्रवेशपत्र त्याने तुम्हाला दाखवले असेल, तर परीक्षेनंतरच्या आठवड्यातील एक ठरावीक तारीख पत्रात घाला; त्याहून जास्त सवलत नको. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरत्या, जागा सारख्या रिकाम्या होतात आणि भरतात, अभ्यासिका आणि खानावळी तिथे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि राज्यसेवेच्या मुलाला त्या पेठांतच राहणे अधिक सोयीचे असते. तो रस्त्यावर येईल, ही चिंता तुम्ही करू नका.

त्याच दिवशी त्याला पत्र द्या. पत्रात एकही विशेषण नसावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘आपण गेल्या वर्षीच्या जून महिन्यापासून माझ्या राहत्या सदनिकेतील एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून, माझ्या परवानगीने राहत आहात. ही परवानगी मी अमुक तारखेपासून काढून घेत आहे. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत आपण आपले सर्व सामान घेऊन खोली रिकामी करावी आणि दाराच्या लॅचची किल्ली माझ्याकडे परत द्यावी. आजपर्यंतच्या चार महिन्यांचे 34,000 रुपये आपल्याकडून येणे असून आपले 15,000 रुपये डिपॉझिट माझ्याकडे आहे. चालू महिन्याची रक्कम धरून अंतिम हिशेब त्या दिवशी करण्यात येईल. यापुढे मी स्वीकारलेली कोणतीही रक्कम थकबाकीपोटी असेल. तिच्यामुळे राहण्याची मुदत वाढणार नाही.’

पत्राच्या दोन प्रती काढा, एका प्रतीवर ‘मिळाले’ म्हणून त्याची सही आणि तारीख घ्या. त्याने सही करण्यास नकार दिला तर वाद न घालता तेच पत्र तुमच्याच पत्त्यावर, त्याच्या नावाने, पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पत्राचे छायाचित्र मोबाइलवरून त्याला धाडा. आपल्याच घरी आपणच टपाल पाठवायचे हे विचित्र वाटेल, पण पुढे उपयोगी पडते ते हेच. पत्रातील शेवटचे वाक्य गाळू नका. मुदत संपल्यावर त्याने दोन हजार पाठवले आणि तुम्ही ते मुकाट्याने ठेवून घेतले, तर मुदत वाढवल्याचा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो.

ज्या सहकाऱ्यांच्या ओळखीने तो आला, त्यांना आणि त्याच्या वडिलांना कळवावे का, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. कळवावे, पण त्याच्याशी बोलून झाल्यानंतर, आणि फक्त तारीख व थकलेली रक्कम कळवावी. सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांना करपलेल्या पातेल्याची कहाणी सांगितली तर त्यांना त्याची बाजू घेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. थकबाकीचा आकडा मात्र त्यांना बहुधा माहीतच नसतो; घरून पैसे येत असूनही ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले नसण्याची शक्यता आहे.

पैशांबाबत थोडे कठोर लिहितो. महिनाअखेरीस त्याच्याकडून 42,500 रुपये येणे होतील आणि डिपॉझिट वळते केल्यावर 27,500 रुपये उरतील. थकबाकीसाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, हे खरे. पण एवढ्या रकमेसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणे तुम्हाला झेपणार आहे का, याचा विचार करा. ठरलेल्या तारखेला खोली रिकामी केली तर उरलेल्या रकमेपैकी काही भाग सोडण्याची तयारी मनाशी ठेवा, मात्र हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवू नका. आणि पैशांसाठी त्याचा लॅपटॉप, पुस्तके किंवा मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नका. त्यातून पैसे येत नाहीत, पोलीस येतात.

तो निघेल त्या दिवशी खोलीची छायाचित्रे काढा, ‘खोली रिकामी केली, सामान नेले, किल्ली दिली’ अशा दोन ओळींवर त्याची सही घ्या, आणि संध्याकाळीच लॅच बदलून घ्या, कारण किल्लीची दुसरी प्रत पाच मिनिटांत निघते. आधार कार्डावर किंवा बँकेत त्याने तुमचा पत्ता दिला आहे का, ते विचारून तो बदलायला सांगा. त्याच्या नावाने पुढे टपाल आले तर ते न फोडता ‘येथे राहत नाही’ असा शेरा मारून परत करा.

इतके करूनही तो गेला नाही, तर वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा, हा मार्ग उरतो. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असणाऱ्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाण्याची जी जलद सोय 1999 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे, ती तुम्हाला मिळेल असे धरून चालू नका. लेखी करार नाही, आणि त्या कायद्यातील लायसेन्सीच्या (लायसन्सवर राहणाऱ्याच्या) व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलेला आहे. दाव्याला वेळ लागतो, पण खर्चाच्या धास्तीने मागे हटण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. दावा लावण्याआधी दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीचा प्रयत्नही तिथे करता येतो, आणि कोर्टाच्या शिक्क्याचे पत्र घरी आल्यावर अशी पुष्कळ मुले सामान बांधायला लागतात.

पोलीस त्याला घराबाहेर काढणार नाहीत. ते त्यांचे काम नव्हे. मात्र त्याने धमकी दिली, शिवीगाळ केली किंवा अंगावर धावून आला, तर त्याच वेळी 112 वर फोन करा आणि नंतर पोलीस चौकीत लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा मदत क्रमांकही आहे. पत्र द्याल त्या आठवड्यात शक्य असल्यास मुलीला नाशिकहून बोलावून घ्या. खोली तिला हवी म्हणून नव्हे. तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून.

प्रश्न : पाषाण येथील माझी सदनिका मी एका कुटुंबाला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली होती. करार संपून दोन महिने झाले. मुलांचे शाळेचे वर्ष पुरे होईपर्यंत राहू द्या, असे ते म्हणतात आणि जुन्या दराने पैसे माझ्या खात्यात भरत राहतात. माणसे वाईट नाहीत, पण मला सदनिका हवी आहे.

उत्तर : तुमची बाजू पहिल्या पत्रलेखिकेपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी करार असेल तर त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा तो निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत राहणाऱ्याला बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा नाकारली गेली, तर जागा रिकामी करण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून कराराच्या दराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याचाही तुम्हाला अधिकार आहे.

तुमची चूक एवढीच की दोन महिने खात्यात येणारे पैसे तुम्ही काही न बोलता घेत राहिलात. आजच त्यांना लिहून कळवा की ही रक्कम करार वाढवल्याची नसून नुकसानभरपाईपोटी स्वीकारत आहे. त्यानंतर दोनपैकी एक निर्णय घ्या. जागा लगेच हवी असेल तर अर्ज करा. शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबणे शक्य असेल, आणि माणसे चांगली असतील तर थांबण्यात काही गैर नाही, तर तेवढ्याच महिन्यांचा नवा करार करून नोंदवा. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील मानीव (हिशेबापुरते धरलेले) व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के लागते आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. अकरा महिने किंवा त्याहून कमी मुदत असली की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात तरी चुकीची आहे. तोंडी ‘राहा एप्रिलपर्यंत’ असे मात्र म्हणू नका.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी विद्यार्थिनी आहे. घरमालकीण त्याच घरात राहतात. रात्री फोनवर बोलल्याच्या कारणावरून त्यांनी मला उद्या संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास सांगितले असून 6,000 रुपये डिपॉझिट देण्यास नकार दिला आहे. मला काही हक्क आहे का?

उत्तर : पुढेही तिथेच राहण्याचा हक्क सांगता येणार नाही; घर त्यांचे आहे आणि त्यांनी दिलेली परवानगी त्या परत घेऊ शकतात. मात्र एका दिवसात निघा असे त्या म्हणू शकत नाहीत, कारण वर सांगितलेला वाजवी वेळ तुम्हालाही लागू आहे. तुम्ही भरलेल्या महिन्याचे दिवस शिल्लक असतील तर तेवढे दिवस, नसतील तर किमान आठ-पंधरा दिवस मिळावेत, अशी विनंती आजच मोबाइलवर लेखी करा. भाषा नम्र ठेवा, ‘काकू’ म्हणत असाल तर काकूच म्हणा, आणि फोनवरील बोलण्याबद्दल वाद घालू नका. त्याच संदेशात डिपॉझिटची रक्कम, ती दिल्याची तारीख आणि ती कोणत्या मार्गाने दिली हे नमूद करून, जाण्याच्या दिवशी ती परत मिळावी असे लिहा. वीजबिल किंवा मोडतोड यांपोटी काही कापायचे असेल तर त्याचा आकडा मागा. ‘नियम मोडला म्हणून सगळे जप्त’ हे तुम्ही सही केलेल्या कागदावर लिहिलेले नसेल तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

त्यांनी सामान बाहेर ठेवले तर त्याचे छायाचित्र काढा आणि जवळच्या पोलीस चौकीत एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन जा. डिपॉझिटसाठी तुम्हालाही विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येईल. दरम्यान मूळ गुणपत्रिका, ओळखपत्रे आणि परीक्षेचे प्रवेशपत्र आज रात्रीच दुसऱ्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवा, आणि नव्या जागेत पैसे देण्यापूर्वी डिपॉझिट, जाण्याची पूर्वसूचना आणि फोनची वेळ या तीन गोष्टी एका कागदावर लिहून दोघींच्या सह्या घ्या.